आमच्याकडची माणसं

"बाजूला व्हा, मावशी. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचंच असेल तर शेजारी जाऊन कर. त्यांच्याकडे अजून दोन मिनिटं जास्त मार."

पंपवाला पाठीवरचा पिवळा पंप सावरत फाटकाबाहेर उभा होता आणि फाटकाच्या आत, कडीवर हात ठेवून, अळीमावशी. खांद्याला डब्याची पिशवी, पायात कामावर जायच्या चपला. वसाहतीतली बाकीची अंगणं फवारून झाली होती. तो गोडसर, घशात बसणारा वास सगळ्या गल्लीत पसरला होता आणि कुंपणांवरची पानं तेल चोपडल्यासारखी चकाकत होती. राहिलं होतं एकच अंगण, रांगेतलं शेवटचं.

"मला वरून सांगितलंय. एकही घर सोडायचं नाही."

"वरून म्हणजे? पाऊस पाडणाऱ्याने सांगितलं का?"

पंपवाल्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. वरून सांगणारा माणूस मागूनच चालत येत होता. गुलाबकाका. वसाहतीच्या समितीचे प्रमुख. त्यांच्या दारापुढे गुलाबांची एक रांग होती. प्रत्येक झाडाला काठीचा टेकू, बुंध्याभोवती गोल आळं, आणि खाली वाळलेलं एक पान दिसायचं नाही. बायको गेल्यावर माणूस त्या गुलाबांशीच काय ते बोलत असे. त्यामुळे माणसांशी बोलताना त्यांचा आवाज जरा चढाच लागायचा.

"वहिनी, तुमच्या एकटीमुळे सगळ्यांना त्रास. तुमच्या अळ्या काय तुमच्या भिंतीशी थांबतात?"

"तुमचा वास तरी कुठे थांबतो, भाऊजी? काल माझ्या उशीपर्यंत आला."

"निदान त्या लिंबोणीवर तरी मारू द्या. काय दशा झालीय बघा. धड पान म्हणून उरलेलं नाही."

"तिने तक्रार केलीय का?"

"कोणी?"

"लिंबोणीने."

गुलाबकाकांनी पंपवाल्याकडे पाहिलं, पंपवाल्याने पंपाच्या नळीकडे. अळीमावशीने बाहेर येऊन कडी घातली, कडीला कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजमध्ये टाकली आणि दोघांच्या मधून वाट काढत चालू लागली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिची पाठ ताठ होती. वळल्यावर तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर आपटली.

संताप होता, निव्वळ संताप. आपल्या दारात उभं राहून, आपल्याच झाडांसाठी आपण कोणाची तरी परवानगी मागतोय, हे तिला सकाळच्या चहाबरोबर गिळावं लागलं होतं आणि ते खाली उतरत नव्हतं.

*

अळीमावशी हे नाव वसाहतीतल्या पोरांनी ठेवलं होतं आणि ती त्याला ओ द्यायची. ती मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कामाला होती. शस्त्रक्रियेची हत्यारं जिथे धुतात, पुसतात, बांधतात आणि वाफेच्या यंत्रात घालतात, तिथे. कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी, पोट उघडं धरायचे वाकडे आकडे. रक्ताने बरबटलेली आली की ती आधी भिजवायची, मग दात न् दात घासायचे, बिजागरीत काही राहिलं का ते उजेडात धरून पाहायचं, ट्रेमध्ये एका तोंडाने मांडायची, जाड हिरव्या कापडात बांधायची, चारही टोकं आत दुमडायची, वर पट्टी चिकटवायची. यंत्राचं जड दार बंद व्हायचं. आत वाफ कोंडायची. बाहेर येताना पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या झालेल्या असत. काळ्या झाल्या म्हणजे आत काहीही जिवंत नाही.

आयुष्य त्यात गेलं होतं. काहीही जिवंत नाही, याची खात्री करण्यात.

तिला त्याचा अभिमान होता. वर टेबलावर झोपलेल्या माणसाला तिचं तोंडही ठाऊक नसायचं, पण त्याच्या पोटात जाणारी कात्री तिच्या हातची असायची. या कामात तिने कधी हयगय केली नाही. पण त्याच हातांनी घरी येऊन पुन्हा तेच करायचं?

सुरुवातीला करायची. नवरा होता तेव्हा तीही चारचौघींसारखी संध्याकाळी मिठाचा डबा घेऊन गोगलगायींच्या मागे फिरायची. एकदा अशीच कामावरून आली, डबा उचलला, मोरीपाशी ओणवी झाली. एक गोगलगाय ओल्या फरशीवरून चालली होती. शिंगं बाहेर काढून, घर पाठीवर घेऊन, कुठे पोहोचायची घाई नसल्यासारखी. अळीमावशी मीठ चिमटीत धरून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा बाई. माझी कामाची पाळी संपलीय." आणि डबा परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून तिने अंगणाचं अंगणावर सोपवलं. ती काही लावत नसे आणि काही उपटत नसे. लिंबोणी उगवली होती ती पिळून फेकलेल्या लिंबातल्या बीपासून, मोरीच्या पाण्यावर. घेवड्याचा वेल कुठून आला देव जाणे. घेवड्यावर मावा पडायचा, काळा कुट्ट, देठ दिसू नये इतका. वेल मान टाकायचा. मग कुठून तरी ठिपक्यांचे लाल किडे यायचे आणि आठवड्याभरात देठ पुन्हा हिरवे दिसायचे. कधी यायचेच नाहीत. मग वेल जायचा. गेला तर गेला. आपसूक उगवलेल्या माठाची पानं तर जाळीदार पडद्यासारखी झालेली असत. ती ती तशीच चिरून शिजवायची. "त्यांचं खाऊन झालं की उरलेलं आपलं," ती म्हणायची. सकाळी दार उघडलं की मोरीपाशी बसलेला बेडूक जरासा सरकायचा, तिला बादली ठेवायला जागा व्हावी एवढाच. तीही त्याच्या अंगावर पाणी उडणार नाही अशी बादली टेकवायची. दोघांचं कधी वाजलं नाही.

आणि लिंबोणीवर अळ्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, ओळखूही न येणाऱ्या; मग हिरव्यागार, गुबगुबीत, पान कडेपासून कुरतडत शिरेपर्यंत जाणाऱ्या. दिवसेंदिवस खा-खा. मग एक दिवस खाणं बंद, एका धाग्यावर अंग टाकून झोप. आणि मग.

तळघरात कापडं दुमडताना तिच्या तोंडात ओळी यायच्या. तिची आई दळताकांडताना गायची, त्याच चालीच्या. शब्द मात्र हिचे स्वतःचे.

लिंबोणीच्या पानावरी
अळी बाई ग निजली,
किती हाका मारू तिला,
पंख लेवून उठली

त्या दिवशी शेजारच्या टेबलावर हत्यारं पुसणारी जोडीदारीण म्हणाली, "आज गाणं नाही? सकाळी सकाळी कोणाशी भांडून आलीस?"

"फवाऱ्याशी."

"मारू द्यायचं की. झाडं तुझ्यासारखी हट्टी असतात, मरत नाहीत."

"झाडं नाही मरत. बाकीचे मरतात."

"बाकीचे म्हणजे किडेच ना?"

अळीमावशीने चिमटा उजेडात धरला, त्याचे दात मिटून-उघडून पाहिले. "तू पण ना," ती म्हणाली, "वसाहतीत राहायला ये. समितीवर घेतील तुला."

*

तिचा मुलगा फरशांच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर गिऱ्हाइकांना चकाकी दाखवायची, हेच त्याचं काम. त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी त्याला दोनच प्रकारच्या वाटायच्या, चकाकणाऱ्या आणि पुसायच्या राहिलेल्या. पण पोरगा गुणी होता. आईचे पाय दुखत असले की न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवायचा.

त्या संध्याकाळी तो पायरीवर तिच्याशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला.

"रविवारी येणारेत ते," तो म्हणाला.

"कोण ते?"

"तिच्या घरचे. आई-वडील. ती पण."

ती म्हणजे कोण हे अळीमावशीला ठाऊक होतं. दोघांचं वर्षभर चाललं होतं. पोरगी दोनदा घरी येऊन गेली होती, शांत, डोळे उघडे ठेवून ऐकणारी. अळीमावशीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग एवढा सुतकी चेहरा कशाला? येऊ देत की. मी केक करते. पडदे धुते."

"आई, ते हॉलमध्ये बसतील ना, तर समोर हेच दिसणार." त्याने अंगणाकडे हनुवटी केली. "त्यांच्याकडे सगळं कसं जागच्या जागी असतं. त्यांना वाटेल, या घरात कोणाला कशाची पडलेलीच नाही."

तिने अंगणाकडे पाहिलं. संध्याकाळचं ऊन कुरतडलेल्या पानांच्या भोकांतून खाली ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं. या अंगणाला काय झालंय, तिला मनापासून कळलं नाही. पण पोराचा चेहरा कळला.

"दारावर आलेला वेल मी कापते," ती म्हणाली. "पायवाट झाडते. खुर्च्या पुसून काढते. अजून सांग."

"गुलाबकाका म्हणत होते, एकदाच फवारलं की..."

"नाही."

"आई, एकदाच."

"त्यांनी तुला गाठलं वाटतं. माझ्याकडून होईना म्हणून पोराकडून." तिचा आवाज चढला. "हे बघ, तुझी माणसं येतायत, मी घर धुऊन काढते, मला आनंदच आहे. पण तो पंपवाला माझ्या फाटकातून आत आला, तर मी काय करीन मला माहीत नाही."

"नाही येणार."

"शब्द दे."

तो क्षणभर थांबला. मग सावकाश म्हणाला, "शब्द. पंपवाला फाटकातून आत येणार नाही."

तिने दुसऱ्या दिवशी दारावरचा वेल कापला. स्वतःच्या हाताने, एकेक फांदी बघत, कोणी बसलेलं नाही ना याची खात्री करून. पायवाट झाडली. खुर्च्या पुसल्या. लिंबोणीवर एक मोठी अळी धाग्यावर टेकायच्या बेतात होती. रविवारी पाहुण्यांसमोरच पंख फुटले तर काय मजा येईल, असं तिच्या मनात आलं. मग हिशेब चुकला म्हणून स्वतःशीच हसली. इतक्या लवकर कुठलं.

*

शनिवारी दुपारी ती कामावरून आली. कुलूप होतं तसं होतं. तिने कडी काढली, आत पाऊल टाकलं आणि थांबली.

अंगण गप्प होतं.

आवाज नसतो तेव्हा कळतं की किती आवाज होता. लिंबोणीवर सदोदित चालणारी गुणगुण, घेवड्यातली फडफड, मोरीपाशी काहीतरी टुपकन उडी मारल्याचा आवाज. काही नव्हतं. पानं ओली होती, चकाकत होती, आणि तो गोडसर वास भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून राहिला होता.

ती लिंबोणीखाली गेली. जमिनीवर हिरव्या अळ्या पडल्या होत्या, अंग वेडंवाकडं वळवलेल्या. धाग्यावरची ती मोठी, तिथेच होती. हात लावल्यावर मऊ लागली आणि तिच्यातून पाणी आलं. मधमाश्या. ठिपक्यांचे लाल किडे, पाय वर करून. एक कोळी मुठीसारखा मिटलेला. मोरीपाशी बेडूक उताणा पडला होता. पोट पांढरं, दोन्ही हात छातीशी.

ती वाकून त्याच्याजवळ बसली. पाय सरळ करून पाहिला. तो परत वाकडा झाला.

मग ती उठली आणि भिंतीच्या बाहेर जाऊन पाहिलं. रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत दोन खोल खळगे होते. शिडीचे पाय. त्यांच्यासमोर, जरा बाजूला, बुटांचे दोन ठसे, टाचा रुतलेल्या. कोणीतरी शिडी घट्ट धरून उभं राहिलं होतं.

मुलगा संध्याकाळी आला. हातात नवा टेबलक्लॉथ होता. आई पायरीवर बसली होती आणि तिने दिवा लावला नव्हता.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"मी विचारलं, कोण आलं होतं?"

"आत कोणी नाही आलं, आई. खरंच. त्यांनी भिंतीबाहेरून शिडी लावली, तिथूनच मारलं. फाटकाला हातसुद्धा लावला नाही. मी तुला दिलेला शब्द..."

तो बोलता बोलता थांबला. स्वतःचं बोलणं त्याच्याच कानांवर पडलं होतं.

"पाळलास," अळीमावशी म्हणाली. "अगदी तंतोतंत पाळलास. तू लहानपणी कधी खोटं बोलला नाहीस. मी लोकांना सांगत फिरायचे. आता कळलं, माणूस हुशार असला की खोटं बोलावंच लागत नाही."

"आई, किड्यांसाठी एवढं?"

"किड्यांसाठी?" ती उठली. "माझ्यासाठी, रे. माझं अंगण होतं हे. दिवसभर मी तिथे खाली जे करते ते करते, कारण वर कोणाचं तरी पोट उघडं असतं. इथे कोणाचं पोट उघडं होतं? कोणाला काय झालं होतं? एक जागा, एवढी वीतभर जागा, मी म्हटलं होतं इथे मी कोणाचं काही करणार नाही आणि कोणी माझं काही करायचं नाही. तेवढीसुद्धा कोणाच्या डोळ्यांत मावली नाही. शिडी लावून मारायला आले. चोरसुद्धा दार बघतो." तिने श्वास घेतला. "शिडी कोणी धरली होती?"

त्याच्या बुटांना टाचेपाशी माती लागली होती.

तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. घरात गेली, कपाटातून स्टीलचा मोठा ट्रे काढला, धुतला, पुसला, त्यावर पांढराशुभ्र टॉवेल अंथरला आणि अंगणात आली. उजेड जात होता तसतशी ती अंगण वेचत गेली. चिमट्याने नाही, दोन बोटांनी, हलक्या हाताने. मग स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून त्यांना मांडलं, जसं ती आयुष्यभर मांडत आली होती तसं. मोठे मागे, लहान पुढे, सगळ्यांची तोंडं एकीकडे. एकमेकांना कोणी टेकलेलं नको. बेडूक मधोमध. मग दुसरा टॉवेल वरून घातला आणि चारही टोकं आत दुमडली.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. "काय करतेस?"

"आवरतेय," ती म्हणाली. "उद्या पाहुणे आहेत."

*

पाहुणे वेळेवर आले. मुलीचे वडील हसरे गृहस्थ होते. सगळ्याला छान म्हणायची त्यांना सवय होती. पडदे छान, केक छान, हवा छान. मुलीची आई सुती साडीत, जरा अवघडलेली, पण काहीतरी मदत करायला मिळावं म्हणून हात शिवशिवणारी. मुलगी नेहमीसारखी शांत. टेबलावर नवा टेबलक्लॉथ, कप, बिस्किटं, केक आणि कडेला टॉवेलाने झाकलेला तो ट्रे. मुलाने सकाळी दोनदा तो उचलायला हात पुढे केला होता. दोन्ही वेळा आईने नुसतं बघितलं होतं.

कप भरले तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. गुलाबकाका. इस्त्रीचा शर्ट, हातात पाच-सहा गुलाबांचा गुच्छ, काटे काढलेला.

"म्हटलं, पाहुणे आलेत, भेटून जावं," ते म्हणाले. "बसतो दोनच मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत, भाऊजी," अळीमावशी म्हणाली. "बसा."

त्यांनी खुर्ची अंगणाकडे तोंड करून ओढली. "बघा, आता कसं वाटतंय. आधी बघवत नव्हतं हो. वहिनींचं मन मोठं, त्यांना कोणाला नाही म्हणवत नाही. पण शिस्तही हवी ना?"

"छान आहे," मुलीचे वडील म्हणाले. "एकदम स्वच्छ. एक माशी नाही."

"एकही नाही," अळीमावशी म्हणाली.

बोलणं थोडं पुढे सरकलं. दुकान, घराची जागा, मुलीचं काम. मुलीच्या आईच्या लक्षात आलं की झाकलेल्या ट्रेला कोणी हात लावलेला नाही. घरच्या बाईला आग्रह करायचं सुचत नसेल, आपणच जरा मोकळं व्हावं, असं त्या माउलीला वाटलं असणार. "ताई, तुम्ही एवढं कशाला करत बसलात," असं म्हणत तिने टॉवेलाचं टोक सोडवलं आणि कापड उचललं.

पांढऱ्या टॉवेलावर सगळे ओळीने होते. अळ्या, माश्या, लाल किडे, मिटलेला कोळी. मध्ये बेडूक, हात छातीशी. मुलीच्या आईचा हात कापडासकट हवेतच राहिला.

"वहिनी," गुलाबकाका म्हणाले, "हे काय भलतंच?"

अळीमावशी मुलीच्या आईकडेच बघत होती. आवाज तिने चढवला नाही. "ते खायचं नाही, ताई. तुमच्याकडची माणसं येणार म्हणून काल आमच्याकडची आवरली. ती ही." तिने बेडकाकडे बोट केलं. "हा मोरीपाशी असायचा. सकाळी मी बादली घेऊन आले की सरकून जागा द्यायचा. आणि ही, मागची हिरवी, ही झोपायला निघाली होती. म्हटलं, तुम्ही आलात, तर ओळख तरी करून द्यावी. काल कोणी ओळख विचारलीच नाही."

मुलाने डोळे मिटून घेतले.

"अहो, पण आम्ही आत आलोच नाही," गुलाबकाका म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरंच चढला. "तुमचं फाटक, तुमचं कुलूप, सगळं जसंच्या तसं. शिडी बाहेर रस्त्यावर होती. तुमच्याच मुलाला विचारा, त्यानेच तर धरली होती."

"हो ना. आत यायचं म्हणजे कडी वाजवावी लागते. आज वाजवलीत."

गुलाबकाका उठले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर ट्रेकडे गेली आणि तिथेच राहिली. मग गुच्छ कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. टेबलावर जागा होती ती ट्रेशेजारीच. ते गुच्छ घेऊनच परत गेले.

मुलीचे वडील खाकरले. छान म्हणण्यासारखं काही सापडतंय का ते खोलीभर शोधत होते. मुलीने मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हातातला कप, अर्धा प्यालेला, आवाज न करता बशीत ठेवला.

"शिडी तू धरलीस?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली, ऐकल्याची खूण म्हणून.

मुलीची आई अजून कापड धरून होती. तिने ते सावकाश खाली घातलं, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या आणि एकेक टोक परत आत दुमडलं, पहिल्यासारखं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "कुठे ठेवणार यांना?"

"लिंबोणीखाली."

"बरं," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "चहा गार झाला, ताई. परत टाकता का?"

चहा परत टाकला गेला. सगळ्यांनी तो प्याला. जाताना मुलीचे वडील फोन करतो म्हणाले, कोणी कधी ते विचारलं नाही, आणि फाटकाची कडी मुलीने लावली.

*

दुसऱ्या दिवशी अळीमावशीने कामावर निरोप धाडला की येणार नाही. इतक्या वर्षांत तिने असा निरोप क्वचितच धाडला होता.

ट्रे रात्रीच मातीखाली गेला होता, म्हणजे त्यावरचं सगळं. माती तिने हाताने सारखी केली होती. आता तिने स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घातले, बादलीत साबणाचं पाणी केलं, जुन्या सुती साडीचे तुकडे फाडले आणि लिंबोणीसमोर स्टूल मांडलं. वरच्या फांदीपासून सुरुवात केली. एक पान तळहातावर घ्यायचं, पुसायचं, साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं, सोडायचं. दुसरं पान. जी बाई या झाडाला वर्षानुवर्षं बोट लावत नव्हती, ती त्याचं एकेक पान हातात घेऊन धूत होती. याचाच तिला सगळ्यांत जास्त राग येत होता. यांनी मला परत तेच करायला लावलं. तळघरातलं काम दारात आणून ठेवलं.

तोंडात ओळी येत नव्हत्या. ती गाणं आठवायचा प्रयत्नही करत नव्हती.

ऊन पायरीपर्यंत आलं तेव्हा मुलगा बाहेर आला. कामाचे कपडे अंगावर होते, पण बूट घातले नव्हते. तो थोडा वेळ उभा राहिला. मग खाली बसून त्याने फडक्यांतलं एक उचललं, पाण्यात बुडवलं, पिळलं आणि खालच्या फांदीचं एक पान धरलं.

अळीमावशीने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मोजे घाल."

तो आत जाऊन मोजे घालून आला.

"देठाकडून टोकाकडे पूस. उलट नाही. आणि पानामागे बघ, तिथे जास्त चिकटतं."

"हो."

दोघं बराच वेळ पुसत राहिले. पुसलेल्या पानांची चकाकी जाऊन ती पुन्हा साधी हिरवी दिसू लागली. गल्लीतून गुलाबकाका गेले. त्यांनी मान वळवली नाही, पण भिंतीपाशी पाय जरा रेंगाळले. पुढे गेले. बादलीतलं पाणी दोनदा बदललं.

खालच्या फांदीवर एक अर्धंच पान होतं. बाकीचं अर्धं कोणीतरी खाऊन टाकलेलं, मधल्या शिरेपर्यंत, आणि तिथे खाणं अचानक थांबलं होतं. मुलाने ते दोन बोटांत धरलं.

"हे तोडून टाकू?"

तिने स्टुलावरून हात खाली केला आणि ते पान त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतलं, देठ तसाच फांदीला ठेवून. फडकं नव्याने पिळलं. आणि ते अर्धं पानही पुसलं, कडेकडेने, कुरतडलेल्या प्रत्येक दातऱ्यातून, चावा जिथे थांबला होता तिथपर्यंत.